घड्याळाची गाडी

मॅरेथॉनमध्ये पहिल्या नंबराला वेळ दिसावी म्हणून पुढे घड्याळाची गाडी धावते. आज त्या जुन्या डिझेल गाडीच्या ड्रायव्हरला आरशात पहिली दिसत होती ती त्याचीच लेक. विसाव्या किलोमीटरला तिनं जोरजोरात हात हलवला.

"बघा साहेब, पोरीनं बापाला ओळखलं!" असं शेजारच्या पंचांना सांगत त्यानं खुशीत हॉर्न दिला.

तिसाव्याला ती खोकत मागे पडली. तिची सोबत सुटू नये म्हणून त्यानं गाडी हळू केली. ती गुडघ्यांवर हात टेकून थांबली, तसा तोही थांबला.

"काय होतंय गं?"

तिला बोलवेना. तिनं बोटानं गाडीचा सायलेन्सर दाखवला.

तेवढ्यात दुसरी मुलगी पुढे निघून गेली.

"चला, पहिला नंबर गेला! काढा गाडी!" पंच ओरडले.

त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. आरशात नुसता काळा धूर उरला.