गार पाण्याची पट्टी

जहाजाच्या नांगरासारखा, पेशीच्या पापुद्र्याला प्रथिनं धरून ठेवणारा रेणूंचा नांगर ताईच्या प्रयोगशाळेतल्या यीस्टला घडवता येत नसे. त्यामुळे अंगाएवढ्या उबेतही ते मान टाकायचं आणि गार पेटीतच तगायचं. आज ताईने एका बशीतल्या यीस्टमध्ये माणसाचा धडधाकट जीन घातला होता, दुसऱ्या बशीत तोच जीन, पण बिघडलेला. उबेत ठेवल्यावर पहिली बशी गच्च भरली, दुसरी कोरीच राहिली. नांगर याच जीनच्या बिघाडाने घडत नाही हे सापडलं म्हणून सगळ्या प्रयोगशाळेने टाळ्या पिटल्या. बिघडलेला जीन तिच्या भाच्याचा होता.

संध्याकाळी घरी धाकट्या बहिणीने दारातच विचारलं, "सापडलं का गं, बाळाला आकड्या कशाने येतात ते?"

"सापडलं."

"मग दे की त्याला तो चांगला जीन."

"यीस्टला देता येतो गं. बाळाला द्यायची सोय अजून कुणाकडेच नाही."

धाकटी आत गेली आणि बाळाच्या कपाळावरची ओली पट्टी बदलू लागली. ताईने चपापून हात लावून पाहिला.

"अगं, ताप कुठाय याला?"

"नाहीच आहे. पण तुझं यीस्ट गारव्यात जगतं, असं तूच म्हणाली होतीस ना?"

माणसाचं तसं नसतं, हे ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं, पट्टी गार पाण्यात बुडवली आणि पिळून बहिणीच्या हातात दिली.