दोन्ही चाकं हवेत

शिंप्याने गळ्यातली टेप काढून दुकानातल्या सगळ्यात उंच स्टँडला खालून वरपर्यंत लावली आणि विचारलं, "याहून उंच नाही?"

"मास्तर, सायकल टांगायचीय की जिराफ?" दुकानदार म्हणाला.

शिंप्याची बायको दारात आपली सायकल धरून उभी होती. दिवसभर त्या सायकलीवरून ती टपाल वाटायची, म्हणजे चेन म्हणा, ब्रेक म्हणा, काहीतरी कुरकुरायचंच. कुरकुरलं की ती सायकल खांद्यावर घेऊन चक्क जिना चढायची. वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर राहत होता, एकटा. त्याच्या बाल्कनीत सायकल टांगून दुरुस्त करायचा स्टँड होता.

ती अशी वर जायला लागल्यापासून शिंप्याच्या पोटात अशी काही जळजळ सुरू झाली होती, की तो नुसता कपड्यावर झुकून उसासा टाकायचा आणि सुरकुत्या जागच्या जागी सपाट व्हायच्या. इस्त्री म्हणे महिनाभर थंड पडून होती. गिऱ्हाइकं मात्र खूश.

"स्वस्तात काय आहे?" बायकोने विचारलं.

दुकानदाराने पायाशी पडलेला एक बुटका स्टँड पुढे सरकवला. "हा बघा वहिनी. मागचं चाक तेवढं उचलतो. चेन साफ करायला, गिअर लावायला पुरतो."

"मागचं तेवढं?" शिंपी उसळला. "आणि पुढचं काय जमिनीवर लोळणार? डॉक्टरकडे दोन्ही चाकं हवेत असतात."

"तुम्हाला कसं माहीत?"

शिंपी खोकला. "खालून दिसतात."

दुकानदाराने हसू मिशीत दाबलं आणि भिंतीला टेकवलेला घडीचा स्टँड उघडला. तीन पाय, वर एक दांडा, दांड्याच्या टोकाला सायकल धरायचा जबडा. "उंच स्टँडच्या निम्म्या किमतीत येतो, काम तेच. फक्त पाय पूर्ण पसरायचे, नाहीतर सायकलीसकट आडवा होतो."

शिंप्याला आता कुणाची मदत नको होती. त्याने एका दमात सायकल उचलली, तिची मधली आडवी नळी जबड्यात घातली आणि स्क्रू असा पिळला, की जणू डॉक्टरचाच दात उपटतोय.

"अहो, नळीला नको!" बायको धावली. "पातळ असते, चेपेल! सीटखालच्या दांड्याला पकडा."

तिने स्क्रू सैल केला, सायकल सरकवली, सीटखालचा दांडा जबड्यात धरला, बोटभर वर घेतली आणि पायडल फिरवलं. मागचं चाक सरसर फिरायला लागलं. दुकानदार बघतच राहिला.

"डॉक्टरने शिकवलं वाटतं," शिंपी म्हणाला. त्या आवाजाने कापड कापता आलं असतं.

"त्यांनी? त्यांना पाना कुठल्या बाजूला फिरवायचा तेही कळत नाही. कुणीतरी भेट दिला म्हणून स्टँड पडलाय त्यांच्याकडे. मी त्याच्यावर कपडे वाळताना बघितले, म्हणून विचारलं."

शिंप्याचा चेहरा एकदम दोन इंच सैल सोडलेल्या कोटासारखा मोकळा झाला. "मग दुरुस्ती कोण करतं?"

"मीच की."

"आणि तो काय करतो?"

"समोर बसतात."

"नुसता बसतो?"

"ऐकतात."

कोट पुन्हा आवळला. या वेळी काखेत.

"काय ऐकतो?"

"दिवसभरातलं. कुणाचं कुत्रं माझ्या मागे लागलं, कोण पत्र हातात घेऊन दारातच रडलं. ते म्हणतात, दिवसभर माझ्यापुढे माणसं तोंड उघडून बसतात, पण बोलत एकही नाही. संध्याकाळी काहीतरी ऐकावंसं वाटतं."

"मला नाही कधी सांगितलंस."

"सांगायची की आधी. तुमच्या तोंडात टाचण्या असतात आणि पायाखाली मशीन. तीन-तीनदा सांगितलं तरी तुम्ही विचारणार, काय म्हणालीस? मग एक दिवस म्हटलं, जाऊ दे."

दुकानदाराला अचानक आठवलं की मागच्या कपाटावर धूळ फार बसलीय. तो फडकं घेऊन तिकडे गेला.

चाक अजून फिरत होतं. शिंप्याने हात लावून ते थांबवलं. मग उंच स्टँडकडे न बघता त्याने घडीचा स्टँड मिटवला आणि त्याला टेप लावली.

"मशीन आणि भिंत यांच्यामध्ये उभा राहील," तो म्हणाला. "हाच द्या."

रस्त्यावर ती सायकल ढकलत आणि तो स्टँड खांद्यावर घेऊन शेजारी, असे दोघं चालू लागले. चौक गेला. बेकरी गेली. शिंप्याने दोनदा घसा साफ केला.

"मग? आज कुणाचं कुत्रं लागलं मागे?"

"आज कुणाचंच नाही."

पुढची गल्लीही गेली.

"आणि ते पत्र हातात घेऊन रडलं, ते कोण?"

"ते परवाचं. डॉक्टरांना सांगून झालंय," ती म्हणाली. "शिळी झाली आता ती गोष्ट. तेच तेच काय सांगायचं?"

शिंप्याने स्टँड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"मला शिळी चालेल," तो म्हणाला.