नाव हलकी करताना

इंजिन बंद पडलं तेव्हा च्यांगचाऊ बंदराचा बांध समोर दिसत होता. पण वारा नावेला खडकांकडे ढकलत होता आणि तळात पाणी चढत होतं. दुपार असून उजेड संध्याकाळसारखा झाला होता.

"टाका सगळं," ताकयाव सुकाणूवरून ओरडला.

त्याची बायको कामसोय आणि त्याची आई, दोघींनी आधी मासळी टाकली. मग बर्फ. मग जाळं. मग गोड्या पाण्याचं पिंप, तांदूळ, चूल. पितर म्हणून पुजलेल्या लाकडी बाहुल्यांना मात्र कुणी हात लावला नाही.

नाव जरा वर आली आणि पुन्हा बसली.

"आता काय उरलं?" ताकयावने विचारलं.

"मी उरले," म्हातारी म्हणाली. "तुझा बाप मला पोतंच म्हणायचा."

कामसोय हसली. मग तिचं लक्ष सासूच्या हातांकडे गेलं.

वादळात नावेवर सगळे कमरेला दोर बांधून घेतात, त्याचं दुसरं टोक डोलकाठीला असतं. म्हातारी आपल्या कमरेची गाठ सोडत होती. सावकाश, गुंता काढावा तशी. नजर पाण्यावर होती, जिथं जाळं गेलं तिथं.

ओरडावं तर ताकयाव सुकाणू सोडून धावेल. धरून ठेवावं तर म्हातारीच्या हातात अजून तिच्या दुप्पट जोर होता.

तिने आपल्या पाठीवरचं झोळणं सोडलं. आत तान्हं पोर होतं. पाण्यात पडलंच तर तरंगावं म्हणून त्याच्या पाठीला सुका भोपळा बांधलेला होता.

"आई, याला घ्या. मला पाणी उपसायचंय."

"मला नको देऊस."

"मग कुणाला देऊ? मासे तर तुम्हीच टाकून दिलेत."

उत्तराची वाट न बघता तिने पोर सासूच्या पाठीवर चढवलं आणि झोळण्याच्या पट्ट्या तिच्या छातीवरून आवळून बांधल्या. बादली उचलली आणि पाठ फिरवून पाणी उपसायला लागली. मागे बघायची तिची हिंमत झाली नाही. लाट आली, नाव एका अंगावर गेली, सावरली. पोर रडत नव्हतं. मागून कसलाच आवाज येत नव्हता.

"अगं," बऱ्याच वेळानं म्हातारी म्हणाली, "किती जड झालाय हा. ये इकडे, माझा दोर आवळ."