तिसरं बोट

"हे आता शेवटचं," म्हणून नागेशनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. कुसुमबाई मोजत होत्या. हे शेवटचं सकाळपासून चौथ्यांदा झालं होतं.

जर्मनीतल्या येना गावात, पाचव्या मजल्यावरच्या घरात त्यांचा हा लेक गिटार मांडीवर घेऊन बसला होता. रविवारी शेजाऱ्यांना आवाज खपत नाही म्हणून खिडक्या लावलेल्या. गिटारच्या तारांखाली बोटाएवढी काळी पट्टी चिकटवलेली, तिच्यातून वायर निघून जमिनीवरच्या डब्यात गेलेली. तार छेडायची गिटारची, आणि डब्यातून आवाज यायचा व्हायोलिनचा. बटण फिरवलं की बेसचा. येत्या शनिवारी लाइपझिगच्या मराठी मंडळाची कोजागिरी होती. बेस वाजवणारा कुमार नोकरी सोडून पुण्याला परत गेलेला, आणि व्हायोलिनवाला मंडळात मुळात कधी नव्हताच. दोन्ही नागेश एकटाच वाजवणार होता.

बेस जमला होता. "जाड तारेचा सूर ओळखायला डब्याला वेळ लागतो," नागेशनं सांगितलं होतं. "म्हणून बारीक तारेवर वाजवायचं आणि डब्यात एक सप्तक खाली उतरवायचं." तसं केल्यावर बेस असा निघाला की कपाटातल्या काचेच्या वाट्या घुमल्या.

अडलं होतं व्हायोलिनचं. चार सूर लोण्यासारखे यायचे आणि पाचव्याला दारात उंदीर सापडल्यासारखी चीं.

"साधी गिटार सगळं पोटात घालते," नागेश म्हणाला. "हा डबा तसा नाही. बोट नुसतं हललं तरी त्याचा सूर करतो."

त्यानं तारा नव्या घातल्या होत्या. पट्टी आणि तारेतलं अंतर कंपनीतल्या गेजनं मोजून बरोब्बर एक मिलिमीटर केलं होतं. कॉलिंग कार्ड लावून पुण्याला कुमारलाही विचारून झालं होतं. इंजिनिअर तो, बिघाड शोधायचा तो जिथं मोजता येईल तिथंच.

कुसुमबाई चौथी शिकलेल्या. गेज म्हणजे काय त्यांना ठाऊक नव्हतं. पण भजनातल्या पंधरा जणींत कुणाचा टाळ चुकतोय, ते त्या पाठमोऱ्या सांगायच्या. आणि आता त्यांनी ऐकणं सोडून बघायला सुरुवात केली होती. मोकळी तार, चीं नाही. पहिलं बोट, नाही. दुसरं, नाही. तिसरं बोट टेकलं की चीं. तार कुठलीही असो.

करंगळीच्या शेजारचं बोट. त्याच्या बापाचा कंपवातही तिथूनच सुरू झाला होता. चहाची बशी आधी वाजायला लागली. बोट हलताना दिसलं ते पुढच्या वर्षी.

"अहो आई," सून सुमेधा स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याला सांगा ना, नवीन डबा मागवूया. सकाळपासून घरात मांजर व्यायल्यासारखं झालंय."

"तू आहेस ना, मग दुसरा डबा कशाला," कुसुमबाई म्हणाल्या. पण त्यात नेहमीची धार नव्हती.

नागेश भिंगांच्या कारखान्यात होता. तांदळाच्या दाण्याएवढी भिंगं चिमट्यानं उचलून नळीत बसवायची. त्याची प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीची मुदत, चालू होती. कायम व्हायला अजून दोन महिने होते.

"काम बरं चाललंय ना रे तुझं?"

"आल्झो, म्हणजे, तसं ठीक चाललंय." तो डब्याच्या दिव्यांकडे बघत होता. "परवा एक भिंग पडलं हातातून. चिमटे झिजलेत तिथले. बदलून मागितलेत."

कुसुमबाई उठल्या. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"तार मी दाबते. तू छेड."

"तू?"

"का? माझ्या बोटांना काय धाड भरलीय? अख्ख्या खटल्याच्या भाकऱ्या थापल्यात ह्यांनी."

तो हसला. गिटार त्यानं त्यांच्याकडे वळवली. "दांडीवरच्या ह्या सळीच्या जरा मागं. हां. कुठलंही बोट ठेव."

त्यांनी तिसरं ठेवलं. तार मांसात रुतली. देवाकडे त्यांनी आयुष्यात पुष्कळ मागितलं होतं, पण असलं कधी मागितलं नव्हतं. चीं येऊ दे. माझ्या बोटाखालीही येऊ दे. डबाच फुटका निघू दे.

नागेशनं तार छेडली.

सूर आला. सरळ, लांब, नितळ. खोलीभर पसरला आणि सावकाश विरला.

"अगंबाई, जमलं की," सुमेधा आतून म्हणाली. "काय केलंत शेवटी?"

नागेशनं परत छेडली. परत तसाच. तिसऱ्यांदा छेडताना तो डब्याकडे बघत नव्हता, आईच्या बोटाकडे बघत होता. त्याचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता.

"सोड आता, आई," तो हळूच म्हणाला. "दुखेल."

"नाही दुखत. तू वाजव."

बोटाला चर पडला होता. त्यांनी ते उचललं नाही. उचललं असतं, तर तिथं त्याला त्याचं ठेवावं लागलं असतं.