बघणारे

पुण्यात डिझायनरची नोकरी मिळावी म्हणून निकितानं स्वतःची वेबसाइट केली. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या खोक्यांसाठी काढलेली तिची चित्रं त्यात होती. स्क्रीनवरच्या वातीला बोट लावलं की ती सरसरत पेटायची आणि एकेक चित्र आभाळात फुटायचं. अर्जासोबत तेवीस कंपन्यांना तिनं लिंक पाठवली, पण दीड महिन्यात एकीनंही ती उघडली नाही. बघणाऱ्यांचा आकडा शून्यावरच. "आण्णा, कुणी नुसतं बघत बी न्हाय," म्हणत ती एकदा वडिलांपुढं ढसाढसा रडली.

आणि पुढच्याच आठवड्यात आकडा हलला. नऊ, सव्वीस, एकसष्ट! आता बोलावणं येणारच, या भरात तिनं येरमाळ्याच्या फ्लेक्सवाल्याकडची हाती आलेली नोकरी नाकारून टाकली.

त्याच संध्याकाळी आण्णा फटाक्यांच्या कारखान्यातून हसत घरी आले.

 

"निके, आता रडायचं न्हाय. कारखान्यातल्या एकेकाच्या मोबाइलवर तुझी चित्रं म्याच उघडून देतोय रोज. लई नावाजत्यात तुला! उद्या शेजारच्या कारखान्यात जातो."