सासूबाईंची साक्ष

घटस्फोट झाला तेव्हा इथला नागरिक असलेला नवरा तिला म्हणाला होता, "माझ्या जिवावर या देशात राहत होतीस. आता तुला कसे परत धाडतात ते बघ!"

सुनावणीला ती जीव मुठीत धरून बसली. अधिकाऱ्याने विचारलं, "लग्न फक्त इथे राहायला मिळावं म्हणून केलं नव्हतं, हे कोण सांगेल?"

"मी सांगते!" सासूबाई धापा टाकत आत आल्या. "हिने मनापासून संसार केला, साहेब. खोटा निघाला तो माझा मुलगा."

राहण्याचा परवाना कायम झाला! आनंदाच्या भरात तिने कचेरीच्या जिन्यातच सासूबाईंना मिठी मारली.

"आता राहणार कुठे, पोरी?"

"बघते एखादी खोली, आई."

"दोन खोल्यांचं बघ. मी बॅग भरूनच निघालेय."