तेवीस नंबर कोण?

दिवेलागणीला घरातलं नेट पुन्हा मेलं.

“गेलं! मावशी, परत गेलं!” भाडेकरू जियाफेन तिसऱ्या मजल्यावरून धाडधाड जिना उतरत आली. थोड्याच वेळात तिची नर्सिंगची परीक्षा होती, खोलीत बसून नेटवरच द्यायची. “महिनाभर रोज तिन्हीसांजेला हेच. भाऊमंडळी आमचंच नेट वापरतायत की काय!”

“जीभ आवर,” श्यू मावशी म्हणाल्या.

सातव्या महिन्यात कीलुंग बंदरात भुतांना भुतं म्हणत नाहीत, भाऊमंडळी म्हणतात. महिनाभर त्यांच्यासाठी पाताळाचं दार उघडं असतं. आज त्या महिन्याची शेवटची संध्याकाळ होती. रात्री देवळापुढच्या उंच खांबांवरचे, त्यांना वाट दाखवणारे कंदील उतरणार, आणि दार बंद होणार.

नेट दुरुस्त करायला आलेली यूनजू तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत होती. मावशींनी ती खोली नाइलाजानंच उघडून दिली होती. खोली त्यांच्या मुलाची, बोयुआनची. मासेमारीच्या बोटीवर तो गेला होता आणि बोट परत आली नव्हती. पलंगावर स्वच्छ चादर होती. भिंतीवर त्याचा बास्केटबॉलचा सदरा टांगलेला होता. टेबलावरच्या भिंतीला एक चपटी पेटी ठोकलेली होती आणि घरातल्या सगळ्या तारा त्या पेटीत येत होत्या. पेटीत तारेच्या प्रत्येक भोकावर एक हिरवा दिवा होता, आणि ते वेड्यासारखे लुकलुकत होते.

यूनजूनं आपला लॅपटॉप पेटीला जोडला आणि तारांमधून काय धावतंय ते बघू लागली. 

तेवीस नंबर कोण? तेवीस नंबर कोण? तेवीस नंबर कोण?

पडदा त्या एकाच ओळीनं भरून वाहत होता. ओळी इतक्या वेगानं सरकत होत्या की नजर ठरेना. यूनजूच्या मानेवर काटा आला. प्रश्नात तसं नवल नव्हतं. घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. एकाला दुसरं हवं असलं की ते सगळ्यांना ओरडून विचारतं, अमुक नंबर कोण? ज्याचा नंबर असेल तो एकटाच ओ देतो. कोणी ओ दिली नाही, तर विचारणारा थोडा थांबतो, मग पुन्हा विचारतो. हा प्रश्न मात्र थांबतच नव्हता. आणि ओ कोणीच देत नव्हतं.

“मावशी, तेवीस नंबर कुठल्या यंत्राचा?”

मावशींनी भिंतीवरच्या सदऱ्याकडे पाहिलं. त्याच्या पाठीवर मोठा तेवीस होता.

“घरातल्या सगळ्या यंत्रांना त्यानंच नंबर दिले,” त्या म्हणाल्या. “स्वतःच्या लॅपटॉपला हा घेतला. त्यातले फोटो मला टीव्हीवर दाखवायचा. संध्याकाळी टीव्ही लावला की तो अजून त्या लॅपटॉपला शोधतो बिचारा.”

“आणि लॅपटॉप?”

“त्याच्याबरोबर गेला. बोटीवर.”

म्हणजे विचारणारा टीव्ही होता. पण टीव्हीनं एकदा मारलेली हाक अशी हजारो वेळा कशी येत होती? यूनजूनं एकेक तार हातानं चाचपली. पिवळ्या तारेपाशी ती थांबली. तारेचं एक टोक पेटीत, बोयुआनच्या लॅपटॉपसाठी ठेवलेल्या भोकात होतं. दुसरं टोक टेबलामागून वळसा घेऊन पुन्हा त्याच पेटीत, शेजारच्या भोकात शिरलं होतं.

“हे कोणी लावलं?”

मावशी पलंगावरची चादर सारखी करू लागल्या.

“मावशी?”

“तो गेला आणि त्याच्या भोकावरचा दिवा विझला,” मावशी म्हणाल्या. “तारेचं दुसरं टोक असं शेजारी लावलं की लागतो. या महिन्यात रोज संध्याकाळी लावते, सकाळी काढते. बुडालेल्या माणसाला वाट कशी दिसायची गं? देवळाचे कंदील तर सगळ्यांसाठी आहेत. हा एक फक्त त्याचा.”

“अहो, हा दिवा एकटा लागत नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी जागं असावं लागतं. इथं पेटी स्वतःलाच जोडली गेलीय. मग हाक घरातच गोल गोल फिरते. तिच्या गर्दीत दुसऱ्या कुणाचा शब्द आत येऊ शकत नाही.”

“मावशी, झालं का?” बाहेरून जियाफेननं विचारलं. “पेपर सुरू होईल माझा!”

श्यू मावशींचा चेहरा राखेसारखा झाला.

“म्हणजे महिनाभर त्यानं ओ दिली असती, तरी मला कळली नसती?”

यूनजूला म्हणायचं होतं, मावशी, तसं नसतं हो. हा फक्त तारांचा घोळ आहे. पण तिला ते म्हणवेना.

“काढू का मी?” तिनं विचारलं.

“तू नको. मीच लावलीय.”

मावशींनी शेजारच्या भोकातलं टोक उपसलं आणि मुठीत घट्ट धरलं. पिवळी तार पेटीपासून त्यांच्या मुठीपर्यंत लोंबत राहिली. बोयुआनच्या भोकावरचा दिवा विझला. बाकीचे दिवे एकदम शांत झाले. “आलं! आलं!” म्हणत जियाफेन वर पळाली.

मावशींनी पेटीकडे पाठ केली आणि डोळे मिटून घेतले. बाहेर देवळाच्या बाजूला झांजा वाजू लागल्या. कंदील उतरत होते.

यूनजूनं लॅपटॉपकडे पाहिलं. पडदा कोरा झाला होता. मग टीव्हीची हाक आली, या वेळी एकदाच. 

तेवीस नंबर कोण?

“विझला ना गं?” मावशींनी डोळे न उघडता विचारलं.

यूनजूनं मान वर करून पाहिलं. तारेचं मोकळं टोक मावशींच्या मुठीतच होतं. पेटीवर बोयुआनच्या भोकाचा दिवा हिरवा झाला होता आणि पडद्यावर प्रश्नाखाली एक ओळ उमटली होती: तेवीस नंबर मी.